रोपवरची जबाबदारी विशीतल्या मुलामुलींना द्या

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकिंग ग्रुप्समध्ये कामांची वाटणी ठरलेली असते. सॅक मोजायला, हेल्मेट वाटायला, मागे रेंगाळणाऱ्यांना आणायला तरुण पोरं. अँकर (दोर कड्याला पक्का बांधायची जागा), बिले (चढणाऱ्या-उतरणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणं) आणि 'पुढे जायचं की परत फिरायचं' हा निर्णय ग्रुपमधल्या सगळ्यात ज्येष्ठ दादांकडे. ही वाटणी बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ज्या मुलामुलींनी रीतसर प्रशिक्षण घेतलंय, त्यांना रोपवरची मुख्य जागा द्या आणि इतरांना शिकवायचं कामही द्या.

उत्तरकाशीच्या निममध्ये (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग) किंवा दार्जिलिंगच्या एचएमआयमध्ये (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट) गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स साधारण चार आठवडे चालतो. ए ग्रेड मिळाली तरच पुढे ॲडव्हान्सला जाता येतं. त्यानंतर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं हे शिकवणारा कोर्स. एवढं करून आलेल्या मुलीला आपण पाण्याच्या बाटल्या भरायला लावतो आणि शेवटची उजळणी कधी केली हेही न आठवणारा माणूस बिलेवर उभा राहतो. यात अनुभवाचा मान राखला जात नाही, सुरक्षेचं नुकसान मात्र होतं.

अर्थात नुसत्या सर्टिफिकेटवर भागत नाही. हिमालयातलं बर्फ शिकून आलेल्याला सह्याद्रीचा ओला, शेवाळलेला कातळ आणि दोन तासांत फुगणारा ओढा वेगळा शिकावा लागतो.

धबधब्यातल्या रॅपलिंगचंच, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचंच घ्या. कोरड्या कड्यावर कुणाचे केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये (उतरण्याचा वेग आवरणाऱ्या उपकरणात) अडकला, तर त्याला सोडवायला वेळ मिळतो. प्रूसिक (मुख्य दोरावर आवळून बसणारी गाठ) लावा, वजन त्याच्यावर घ्या, अडकलेलं सोडवा. धबधब्याच्या धारेखाली तोच माणूस धड श्वास घेऊ शकत नाही, आणि खालून बॉटम बिले देणारा, म्हणजे खाली उभं राहून दोर धरणारा, घाबरून दोर ताणून धरतो. दोर ताणला की डिसेंडर लॉक होतो आणि माणूस धारेतच लटकतो. म्हणून इथे दोर अँकरला कायमचा गाठ मारून बांधायचा नसतो. इटालियन हिच (दोर हळूहळू सोडता येईल अशी गाठ) घालून, ताणाखालीही सोडवता येईल अशा गाठीने ती बंद करायची आणि कड्याच्या उंचीइतका जादा दोर वर शिल्लक ठेवायचा. कुणी अडकलं की वरूनच त्याला सरळ खाली सोडता येतं. दोराच्या टोकाचंही तसंच. कोरड्या कड्यावर टोकाला गाठ हवीच. खाली डोह असेल तर गाठ नको, कारण पोहता पोहता डिसेंडर त्या गाठीला अडतो. तिथे दोर पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच सोडायचा. हे हाताने करून दाखवता येणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे की एकोणपन्नास, याने काय फरक पडतो?

अँकरचं गणित तर शाळेतल्या भूमितीएवढं आहे. दोन पॉइंटकडून येणाऱ्या स्लिंगच्या (अँकर जोडायच्या पट्टीच्या) दोन बाजूंमधला कोन 60 अंशांचा असेल तर प्रत्येकावर साधारण 58 टक्के भार येतो, 90 अंशांना 71 टक्के, आणि 120 अंशांना प्रत्येक पॉइंटवर पूर्ण भार. म्हणजे दोन पॉइंट घेऊनही भार वाटला गेलाच नाही. स्लिंग आखूड पडली म्हणून ती ताणून बसवणारे लोक इथेच चुकतात.

मग विश्वास टाकायचा कसा? टप्प्याटप्प्याने. आधी दहा मीटरच्या कोरड्या कातळावर ज्येष्ठाने हाताच्या अंतरावर उभं राहायचं, मग दोन पावलं मागे, मग त्याच कड्यावर पण दुसऱ्या दोरावर. आणि मुद्दाम चुका पेरायच्या. कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू उघडा ठेवायचा, हार्नेसचा (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचा) पट्टा बकलमधून परत ओवायचा नाही, कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर घसरू द्यायचा, हेल्मेटचा बंद सैल ठेवायचा, फिगर ऑफ एटची (आठच्या आकड्यासारख्या गाठीची) शेपटी वीतभराऐवजी चार बोटं सोडायची. नुसतं डोळ्यांनी न बघता प्रत्येक बकल हाताने ओढून, प्रत्येक स्क्रू दाबून बघणारा मुलगा या चुका पकडतोच. एकही सुटली तर जबाबदारी पुढच्या वेळी. यात भीड नको, ओळखीचा मुलगा असला तरी.

गडांच्या पायथ्याच्या गावांतल्या मुलांना हे शिक्षण आधी मिळायला हवं. अलंग-मदनला आंबेवाडीतून माणसं वाट दाखवायला येतात, पॅचवर, म्हणजे कड्याच्या अवघड टप्प्यावर, दोर लावायला मदत करतात. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहून यायला लागला की वर पाऊस वाढलाय, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. त्याला जोड हवी ती नियमांची. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. ओलांडताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवायचे. आणि माणसाच्या अंगाला दोर बांधून त्याला पाण्यात उतरवायचं नाही. पाय घसरला की तोच दोर त्याला प्रवाहाखाली दाबून धरतो. थांबलं तर पाऊस ओसरल्यावर काही तासांत बहुतेक ओढे उतरतात. या मुलांना वाटाड्याची मजुरी देऊन बोळवू नका. प्रशिक्षकाचं मानधन द्या, विमा काढा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. वीस वर्षांच्या मुलीने 'आज इथून पुढे नाही' म्हटलं की ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतं, "अगं, आम्ही भर पावसात दहा वेळा गेलोय." तिथे ज्येष्ठांनी काय करायचं? तिची बाजू घ्यायची, सगळ्यांसमोर, लगेच. मतभेद असेल तर परतल्यावर बोलायचं. त्यासाठी सकाळच्या ब्रीफिंगमध्येच नाव घेऊन सांगा की या पॅचवर हिचा शब्द शेवटचा, आणि लीडरलाही तो लागू आहे. पैसे परत द्यायची अट बुकिंगच्या वेळीच लिहून ठेवा. परत फिरलो तर प्रत्येकी किती रुपये द्यायचे हे आधी ठरलेलं नसलं, की कड्याच्या तोंडाशी त्या मुलीवर पैशांचाही दबाव येतो.