‘माती कंपनीला पाठवा, पेपर तयार’: फिरत्या मजकुराला उत्तर

निकाल लागले की विज्ञान शाखेच्या मुलांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात तो असा: मायक्रोबियल इकॉलॉजीत, म्हणजे माती-पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात, आता संशोधन म्हणावं असं काही उरलेलं नाही. चमचाभर माती उचलायची, डीएनए काढून कंपनीला पाठवायचा, आलेल्या आकड्यांचे रंगीत आलेख काढायचे, लेखकांत वीस ओळखीची नावं घालायची आणि पैसे भरून पेपर छापायचा. पेट्री डिशचा जमाना गेला. आणि डेटा कुणाला दाखवलात तर तो चोरीला गेलाच म्हणून समजा.

या क्षेत्रात नव्याने उभी राहू पाहणारी मुलं काय करतात ते मी रोज बघते. असा मजकूर वाचून एखादी हुशार मुलगी या वाटेला आलीच नाही, तर मला ते खरंच लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘मशीन सगळं सांगतं.’

सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएतली अक्षरं वाचणं, बाहेरून करून घेतात हे खरं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मशीनला जे द्याल त्याबद्दलच ते बोलतं. मातीतून डीएनए काढायचा तर नळीत बारीक मणी घालून ती जोरात घुसळावी लागते. घुसळणं कमी पडलं तर जाड भिंतीचे जिवाणू आणि बीजाणू फुटतच नाहीत, मग ते यादीत दिसत नाहीत. जास्त झालं तर आधी फुटलेल्यांच्या डीएनएचे तुकडे होतात. मातीतली तपकिरी ह्युमिक द्रव्यं सोबत आली तर पुढचा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, अडतो. हे सगळं जमवणारा माणूस पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा पीएच.डी.चा विद्यार्थी असतो.

नमुन्यांच्या रांगेत एक कोरी नळीही असते. तिच्यात माती नसते, पाणी नसते. बाकी सगळी प्रक्रिया तीच. ही नळी का लागते ते २०१४ साली सुसाना सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं: डीएनए काढण्याच्या किटमध्येच जिवाणूंचा डीएनए असतो. शेतातल्या मातीत तो बुडून जातो, पण खोल बोअरच्या पाण्यात, खडकात, हवेत किंवा शरीराच्या ऊतीत मुळात जीव इतके थोडे की किटमधलेच ‘शोध’ म्हणून पुढे येतात. आकडेमोडीतही असंच घडू शकतं. कर्करोगाच्या प्रत्येक प्रकारात सूक्ष्मजीवांचा वेगळा ठसा असतो, असं सांगणारा पेपर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. २०२३ मध्ये इतरांनी तोच डेटा पुन्हा तपासला, तर माणसाचा डीएनए जिवाणूंचा म्हणून मोजला गेल्याचं निघालं. २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. यातली एकही चूक मशीनने सांगितली नव्हती.

आणि प्रायमर. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६ एस जनुकाला चिकटणारे हे डीएनएचे छोटे तुकडे. कोणते जिवाणू मोजले जाणार ते यांच्यावर ठरतं. ८०६आर नावाचा प्रायमर जगभर वापरात होता, पण समुद्रात सर्वाधिक संख्येने असलेल्या गटांपैकी एक, म्हणजे एसएआर११, तो नीट पकडत नव्हता. २०१५ मध्ये एमी अ‍ॅप्रिल आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या एकाच जागी चौथ्या अक्षरालाही वाव दिला आणि हा गट ठळकपणे मोजला जाऊ लागला. वीस अक्षरांतली एक जागा! ती शोधायला समुद्रही माहीत असावा लागतो आणि जनुकही.

‘पेट्री डिशचा जमाना गेला.’

यात अर्धं सत्य आहे. निसर्गातले बहुतेक सूक्ष्मजीव नेहमीच्या अगारवर, म्हणजे पेट्री डिशमधल्या पोषक जेलीवर, वाढत नाहीत. म्हणून त्यांना वाढवायचं सोडून द्यावं, हे मात्र त्यातून निघत नाही.

एसएआर११चंच बघा. सारगासो समुद्रातल्या डीएनएवरून तो १९९० मध्ये कळला. प्रयोगशाळेत वाढला २००२ मध्ये, ओरेगॉनला. युक्ती साधी पण धीराची होती: पोषक अगार बाजूला ठेवून समुद्राचंच पाणी घेतलं आणि नमुना इतका पातळ केला की एकेका कप्प्यात मोजक्याच पेशी उरतील. पुढे त्याला कोणत्या स्वरूपातला गंधक लागतो हे कळलं ते जिवंत कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू, हाताशी होतं म्हणून.

दुसरं उदाहरण जपानचं. हिरोयुकी इमाची यांच्या गटाला २००६ मध्ये समुद्रतळावरचा गाळ मिळाला. तो मिथेन सोडलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये दोन हजारांहून जास्त दिवस चालवला, मग नळ्यांमध्ये पुढची वर्षं गेली. हाती लागलेल्या आर्कियाची (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) संख्या दुप्पट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आपल्या, म्हणजे झाडं-प्राणी-बुरशी यांच्या, पेशींचा सर्वांत जवळचा नातेवाईक असलेल्या असगार्ड गटातला तो पहिला वाढवलेला जीव. त्याच्या अंगाला फांद्यांसारखे लांब धागे असतात, हे कुठल्याही सिक्वेन्समध्ये दिसलं नसतं.

आपल्याकडचं लोणारही घ्या. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा तर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्कियांच्या रंगद्रव्याचा आहे, आणि हे जीव तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा नितळ दिसतं. अशा प्रश्नाला नुसती नावांची यादी पुरत नाही.

‘वीस नावं म्हणजे एकाचं काम, बाकीचे फुकटे.’

फुकटे असतात. विभागप्रमुख म्हणून, उपकरण दिलं म्हणून, ‘सरांना वाईट वाटेल’ म्हणून नावं घातली जातात आणि त्याची झळ नवख्यालाच बसते. ही पद्धत वाईटच आहे, तिची बाजू मी घेणार नाही.

पण या विषयात एकट्याने काम पुरं होण्याची शक्यता फार कमी. अमोनियाचं नायट्रेट दोन टप्प्यांत, दोन वेगवेगळ्या जिवाणूंकडून होतं, असं विनोग्राडस्कींच्या १८९०च्या सुमाराच्या कामापासून मानलं जात होतं. एकच जिवाणू दोन्ही टप्पे करतो हे २०१५ मध्ये दोन गटांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात दाखवलं. एका गटाचा नमुना रशियातल्या खोल विहिरीच्या गरम पाण्याच्या पाइपवरचा थर, दुसऱ्याचा मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला. तो थर खरवडून आणणारी व्यक्ती, वर्षानुवर्षं कल्चर जगवणारी, जीनोम जुळवणारी, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पेशी दाखवणारी अशी वेगवेगळी कसबं एकत्र आली तेव्हा कुठे रिव्ह्यूअरला, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, पटेल असं काही उभं राहिलं.

सहकार्याला कागदोपत्री बाजूही आहे. परदेशातल्या सहकाऱ्याला नमुना पाठवायचा तर जैवविविधता कायदा, २००२ चे नियम पाळावे लागतात. नव्या जिवाणू-प्रजातीचं नाव अधिकृत व्हायचं तर मूळ स्ट्रेन (त्या जिवाणूचा जिवंत वाण) दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र अशा संग्रहांपैकी एक. ही धावपळ बहुधा पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतर काम करणाऱ्या संशोधकाच्या, वाट्याला येते, आणि त्याचं नाव यादीत असलंच पाहिजे. कोणाचं नाव कुठे येणार हे नमुने गोळा करायच्या आधी ईमेलवर लिहून घ्या, असं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. पेपर हातात आल्यावर तो विषय काढणं फार जड जातं.

‘डेटा दाखवला की चोरी.’

ही भीती सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून इथे जरा थांबते. सिक्वेन्स सार्वजनिक भांडारात ठेवले तरी पेपर येईपर्यंत ते बंद ठेवता येतात, आणि जमा केल्याची तारीख तुमच्या नावावर राहते. प्रीप्रिंटचंही, म्हणजे नियतकालिकात येण्याआधी खुल्या केलेल्या मसुद्याचंही, तसंच. बायोआर्काइव्ह हे अशा मसुद्यांचं संकेतस्थळ २०१३ पासून चालू आहे. तिथे टाकलेल्या मसुद्यावर तारीख असते, म्हणजे आधी कोण पोचलं याचा तो पुरावाच. इमाचींच्या गटाने आपला मसुदा ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे टाकला, ‘नेचर’मध्ये तो जानेवारी २०२० मध्ये आला. मधल्या महिन्यांत जगभर त्यावर चर्चा झाली आणि शोध त्यांचाच राहिला.

याच्या उलट घडलेलंही सांगते. डिसेंबर २०१० मध्ये नासाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं की कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरू शकतो. पहिली लेखिका फेलिसा वुल्फ-सायमन करिअरच्या सुरुवातीलाच होती. डीएनए पुरेसा धुतला होता का, वाढद्रवात फॉस्फेटचा अंश किती होता, असे प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लगेच विचारू लागले. कॅनडातल्या रोझी रेडफिल्ड यांनी प्रयोग पुन्हा करून रोजच्या नोंदी सगळ्यांसमोर ठेवल्या. २०१२ मध्ये ‘सायन्स’नेच दावा खोडणारे दोन पेपर छापले आणि जुलै २०२५ मध्ये मूळ पेपर मागे घेतला. लेखकांना तो निर्णय मान्य नाही, हेही सांगायला हवं. मला यात दिसतं ते असं: हेच प्रश्न मसुदा उघडा असताना आले असते, तर एका तरुण संशोधिकेला जगाच्या कॅमेऱ्यांसमोर नव्हे, तर बेंचवर उत्तर देता आलं असतं. सुरुवातीच्या वर्षांत काम उघडं ठेवण्याची सर्वांत जास्त गरज असते ती यासाठी.

‘पैसे भरा, छापून घ्या.’

काहीही छापणारी दुकानं आहेत, आणि प्रबंधाआधी पेपर सक्तीचा होता तोवर आपल्याकडे त्यांचं चांगलंच फावलं. यूजीसीने ही सक्ती २०२२ मध्ये काढली. चांगल्या नियतकालिकात शुल्क येतं ते पेपर स्वीकारल्यावर. त्याआधी दोन-तीन रिव्ह्यूअर कोऱ्या नळीचा निकाल मागतात, कच्चा डेटा कुठे ठेवला ते विचारतात, ‘हा आलेख टक्केवारीवर आहे, एक गट वाढला की बाकीचे कमी दिसणारच’ असं सुनावतात. शुल्क भरून ते गप्प बसत नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मिळणारी जेआरएफची शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, आणि खुल्या नियतकालिकांचं शुल्क बऱ्याचदा दोन-तीन हजार डॉलरच्या घरात. ‘एक देश, एक सदस्यत्व’ योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांकरता ६,००० कोटी ठेवले, त्यामुळे २०२५ पासून सरकारी संस्थांतल्या मुलांना पेपर वाचायला मिळू लागले. पण छापायचा खर्च मुख्यतः गाइडच्या प्रकल्पातूनच निघतो. ज्या गाइडकडे प्रकल्प नाही, त्याच्या विद्यार्थ्याला चांगलं काम हातात असूनही नियतकालिक निवडताना आधी शुल्काचं पान उघडावं लागतं. मजकूर लिहिणाऱ्याने याच्यावर बोट ठेवलं असतं, तर तो मीही पुढे पाठवला असता.