आईने धुतलेल्या दुधाच्या पिशव्या

आज सकाळी जे पाहिले, ते लिहिल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही. आईने आठवडाभर धुऊन, वाळवून जपलेल्या दुधाच्या पिशव्या कचऱ्याच्या गाडीवरील मुलाच्या हाती दिल्या आणि त्याने त्या आमच्या डोळ्यांदेखत कुणाच्या तरी माशांच्या खवल्यांवर आणि नारळाच्या चोथ्यावर टाकल्या.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. पिशवी कापायची, उलटी करून धुवायची आणि तुळशीमागच्या दोरीवर चिमटा लावून वाळत घालायची, हा तिचा नेम; मे महिन्यात विहिरीने तळ गाठला तरी त्यासाठी ती एक तांब्या पाणी बाजूला काढते. तो तांब्या, तिची कंबर आणि तिची सकाळ पुनर्वापराच्या हिशेबात कोणी धरतो का? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे कर्तव्य आपल्यावर घातले. आपण ते पाळल्यावर पुढे सगळे एकत्रच होणार असेल, तर घराघरांतील बायकांचे हे फुकटचे कष्ट कोणासाठी?

मान्य आहे, सगळेच वाया जात नाही. आमच्या गोव्यातल्या साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज होते, आणि काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस जात नाही. परंतु वेफर्सच्या पाकिटातले प्लास्टिकचे व धातूचे थर एकमेकांपासून सोडवणे परवडत नाही, म्हणून असला माल ट्रकमधून कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांत जळायला जातो. तो धुण्यात पाणी घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुधाची पिशवी तशी नाही. ती स्वच्छ राहिली तर तिचे दाणे करून पुन्हा वस्तू बनते, खरकट्यात पडली की तिला कोणी हात लावीत नाही. आईचे सारे श्रम त्या एका क्षणात गेले.

मी त्या मुलावर ओरडलो. मग त्याचे हात दिसले. हातमोजे नव्हते, अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, आणि गाडीला वेगळा कप्पाच नव्हता. आईने त्याला पाणी दिले आणि विचारले, "काच लागली का रे, बाळा?" फुटलेली बाटली कागदात न गुंडाळता टाकणारे आपल्यापैकीच कोणीतरी असणार.

इतक्या वर्षांत मी स्वतः एकही पिशवी धुतलेली नाही. उद्यापासून ते काम माझे. गाडीला कप्पा करावा असा अर्ज सोमवारी पंचायतीत देणार आहे, आणि तोवर पिशव्या दोरीवरच राहतील.