डॉक्टर बार्न्सच्या भिंती

काल रात्री साडेदहा वाजले तरी कट्ट्यावरून कुणी उठेना. विषय मीच काढला होता. मुलीकडे फिलाडेल्फियाला गेलो तेव्हा बार्न्स फाउंडेशन हे चित्रसंग्रहालय पाहिलं, त्याचं सांगत होतो. डॉक्टर बार्न्स या एकट्या माणसाने जमवलेली फ्रेंच चित्रकारांची चित्रं: रेन्वारची १८१, सेझानची ६९, मातीसची ५९. चित्रांच्या मधल्या जागेत लोखंडी बिजागऱ्या, कुलपं, कड्या लावलेल्या. शेजारी चित्राचं नाव सांगणारी पाटी नाही. नुसतं बघायचं.

"बिजागऱ्या त्याच, पण भिंत ती नाही," वकील म्हणाला. "बार्न्सने लिहून ठेवलं होतं की चित्रं आहेत तिथेच राहतील. हलवायची नाहीत, उसनी द्यायची नाहीत, विकायची नाहीत. तरी २०१२ साली उपनगरातल्या मूळ इमारतीतून सगळं उचलून शहरात नेलं."

"मृत्युपत्र मोडलं म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"मृत्युपत्र नाही अण्णा, ट्रस्ट डीड, म्हणजे संस्था कशी चालवायची याचा दस्त. मृत्युपत्रापेक्षा पक्कं."

अण्णांना आधी माणूस कळायला हवा होता, म्हणून मी मागे गेलो. आल्बर्ट बार्न्स, जन्म १८७२, बाप खाटीक. पोरगा गरीब वस्तीत वाढला आणि विसाव्या वर्षी डॉक्टर झाला. पण दवाखाना न थाटता रसायनांकडे वळला. जोडीदाराबरोबर चांदीपासून आर्जिरॉल नावाचं जंतुनाशक बनवलं. बाळंतपणात आईकडून संसर्ग होऊन बाळांचे डोळे जायचे, त्यावर ते थेंब टाकायचे. त्यात अमाप पैसा मिळाला. जुलै १९२९मध्ये कंपनी विकली आणि ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला.

"नशीबवान," अण्णा म्हणाले.

"आता खरं ऐका. कारखान्यात कामगार सहा तास काम करायचे आणि दोन तास वर्ग. तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचायची, भिंतीवरच्या चित्रांवर बोलायचं. कामगारांत काळेही होते, गोरेही."

अण्णा गप्प झाले. एमआयडीसीत केमिकलमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. मग हळूच म्हणाले, "दोन तास पगारी?"

"पगारी."

मास्तर इतका वेळ ऐकत होते. शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा बार्न्स रंगीत छपाईसुद्धा करू देत नव्हता. मी जे.जे.ला असताना मातीसचं 'जॉय ऑफ लाइफ' काळं-पांढरं पाहिलंय. ज्या चित्रात रंग हाच विषय, ते राखाडी! एवढ्या दूरच्या पोराने काय करायचं? बरं झालं हलवलं."

वकीलही तयारीचा होता. "त्याने दारं बंद का केली ते बघा. १९२३ साली आपली चित्रं शहरात मांडली तर समीक्षकांनी शिव्या घातल्या. तेव्हापासून त्याने प्रतिष्ठितांना दार बंद केलं. मिचनरसारखा लेखक पोलाद कारखान्यातला कामगार आहे असं सांगून आत शिरला, कारण कामगाराला तो नाही म्हणत नव्हता."

"पण पैसा संपला होता ना?" मास्तर म्हणाले. "छपराला, पगाराला पैसे नकोत?"

तेही खरंच. बार्न्स १९५१मध्ये मोटार अपघातात गेला. पुढे संस्था आर्थिक अडचणीत आली, शेजाऱ्यांशी गाड्यांच्या वर्दळीवरून कोर्टकज्जे झाले. मोठ्या धर्मादाय संस्था मदतीला आल्या, पण शहरात या म्हणाल्या. २००४ साली न्यायाधीशांनी परवानगी दिली. नव्या इमारतीत खोल्या त्याच मापाच्या, चित्रांचा क्रम तोच. बघताना मला फरक जाणवला नाही, हे कबूल करतो.

पण माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे आणि तो मी बोललो. विश्वस्त नेमण्याचा अधिकार बार्न्सने लिंकन विद्यापीठाला दिला होता. काळ्या विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेलं लहानसं विद्यापीठ. पाचांतले चार विश्वस्त त्यांनी नेमायचे. स्थलांतराच्या वेळी मंडळ पंधरा जणांचं झालं आणि लिंकनचं बहुमत गेलं. चित्रं पाच मैलांवर गेली तर जाऊ देत, लाखो लोक बघतील. ज्यांच्या हाती ती किल्ली दिली होती, त्यांच्याकडून ती काढून घेतली. याला मी डागडुजी म्हणणार नाही.

"हेच म्हणतोय मी," वकील म्हणाला.

"नाही, तू भिंतीबद्दल म्हणतोयस."

मास्तरांनी मान हलवली. "हे मला माहीत नव्हतं," म्हणाले. "तरी रंगीत चित्राच्या बाबतीत मी मागे येणार नाही."

अण्णा अजून तिथेच होते. "त्या वर्गात बसलेल्या कामगारांपैकी कुणी पुढे चित्रं काढली का रे?" त्यांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. मास्तर म्हणाले, काढली नसतील तरी पाहिली तर असतील, रोज दोन तास. अण्णांनी चहाचे पैसे दिले आणि मास्तरांना म्हणाले, उद्या ते मातीसचं रंगीत पुस्तक घेऊन या.