स्टीलचा डबा आणि शूट-आऊटचे पदक

आज सकाळी मैदानावर एक वाक्य कानावर पडले आणि दिवसभर ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले आहे. लांबणार आहे, हे आधीच सांगते. ज्यांना बास्केटबॉलमध्ये रस नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावे.

झाले असे की सराव संपल्यावर माझ्याकडच्या चार-पाच मुली माझ्याच मोबाइलभोवती घोळका करून थ्री बाय थ्रीच्या, म्हणजे तीन-तीन जणांच्या बास्केटबॉलच्या, विश्वचषकातली शूट-आऊटची (एकेकट्याने घड्याळ लावून बॉल रिंगमध्ये टाकायच्या स्पर्धेची) एक जुनी चित्रफीत पाहत होत्या. कोणाची नजर बॉलवर होती, कोणाची पडद्याच्या कोपऱ्यातल्या पळत्या घड्याळावर. तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ सर मागून आले, त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "समोर डिफेन्स नाही, कोणाला पास द्यायचा नाही, ही काय स्पर्धा झाली? मधल्या वेळेतली सर्कस आहे ही. मॅच बघा, मॅच." मुलींनी निमूटपणे मोबाइल माझ्या हातात दिला. मीही गप्प बसले, कारण ज्या माणसाने माझे मनगट धरून मला ले-अप शिकवला त्याला मुलींसमोर उलट बोलायची माझी प्राज्ञा नाही. सर फेसबुकवर नाहीत, हे एक बरे आहे.

सर्कस! मुली ज्या तन्मयतेने ते घड्याळ पाहत होत्या ते सरांना दिसलेच नाही.

माझ्या घरी, म्हणजे आईच्या स्वयंपाकघरात, एक स्टीलचा डबा आहे. अकरावीत असताना आमचा संघ विदर्भातल्याच एका गावी स्पर्धेला गेला होता. आम्ही साखळीतच बाहेर पडलो आणि त्या तीन सामन्यांत मिळून मी जेमतेम सहा मिनिटे कोर्टवर होते. बाकीचा वेळ बेंचवर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. शेवटच्या दिवशी अंतिम सामन्यातल्या एका संघाची बस वाटेत बंद पडली. प्रेक्षक उठून जाऊ लागले, तेव्हा माइकवरून घोषणा झाली की ज्यांना फ्री थ्रोच्या स्पर्धेत भाग घ्यायचा असेल त्यांनी रेषेवर यावे. दहा बॉल. माझा पहिलाच बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून माघारी आला आणि पुढचे नऊ आत गेले. बक्षीस म्हणून हा डबा मिळाला, झाकणावर मशिनने कोरलेले "बेस्ट शुटर", शु ऱ्हस्व. आई त्यात साबुदाणा ठेवते.

तर त्या डब्याच्या मालकिणीला सर्कस या शब्दाचा राग येणारच, हे गृहीत धरून पुढचे वाचा.

युवा ऑलिम्पिकमध्ये थ्री बाय थ्री पहिल्यांदा आले ते २०१० साली सिंगापूरला. पुढे २०१४ साली नानजिंगला आणि २०१८ साली ब्युनोस आयर्सला या खेळात वैयक्तिक स्पर्धांनाही पदके दिली गेली. आपल्या बस बंद पडल्यावरच्या स्पर्धेसारखी ती गोष्ट नव्हती. गळ्यात घालायची, देशाच्या नावावर मोजली जाणारी खरी पदके होती ती. मुलांसाठी डंक (उंच उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये घालायचा) आणि मुलींसाठी शूट-आऊट अशी ती वाटणी होती, आणि या वाटणीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते जरा पुढे म्हणते, कारण आत्ता म्हटले तर गाडी तिकडेच जाईल.

शूट-आऊटमध्ये पंचांच्या मताला जागा नसते. डंकच्या स्पर्धेत परीक्षक बसलेले असतात, ते गुण देतात, प्रेक्षकांचा आरडाओरडा त्यांच्याही कानात शिरत असणार आणि कोणत्या उडीला नऊ व कोणत्या उडीला दहा हा शेवटी त्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरतो. शूट-आऊटमध्ये बॉल रिंगमधून जातो किंवा जात नाही. गुण सारखे झाले तर ज्याने कमी वेळ घेतला तो पुढे, एवढाच काय तो हिशेब. तुमची ओळख कोणाशी आहे, तुमचा कोच निवड समितीवर आहे की नाही, तुमच्या बापाने स्पर्धेला देणगी दिली आहे का, यातले काहीही त्या रिंगला माहीत नसते. ज्यांनी निवड चाचणीच्या दिवशी घरी जाऊन उशीत तोंड खुपसले आहे त्या माझ्या मैत्रिणींना मी काय म्हणते आहे ते वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

त्यातही थ्री बाय थ्रीची एक गोष्ट फारच थोड्यांच्या लक्षात येते. एरवी बास्केटबॉलमध्ये पुरुष सात नंबरच्या बॉलने खेळतात आणि स्त्रिया सहा नंबरच्या, त्यामुळे तुलना निघाली की कोणीतरी लगेच बॉल लहान असल्याचे ऐकवतो. थ्री बाय थ्रीमध्ये स्त्री-पुरुष दोघांचाही बॉल एकच, घेर सहा नंबरचा आणि वजन सात नंबरचे. जिच्या बाहेरून टाकलेल्या बॉलला जास्त गुण मिळतात ती कमान सर्वांना सारखीच ६.७५ मीटरवर, रिंग सर्वांना सारखीच ३.०५ मीटर उंच. म्हणजे नागपूरच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टवर सराव करणारी माझी विद्यार्थिनी आणि सर्बियाचा सहा फूट सहा इंची फॉरवर्ड या दोघांना एकाच जागेवर, एकाच बॉलनिशी उभे करून मोजता येईल अशी जागा या खेळाने तयार करून ठेवली आहे, आणि आपण तिला सर्कस म्हणतो.

आता ती वाटणी. मुलांनी उड्या मारायच्या आणि मुलींनी नेम धरायचा, हे ज्याने कोणी ठरवले असेल त्याने मुलींच्या बाजूने विचार करून ठरवले असेल असे मला वाटत नाही. मुली डंक करू शकणार नाहीत, तेव्हा त्यांना काहीतरी द्या, असा तो हिशेब असणार. शूट-आऊट मुलांना का नको होते? त्यांना नेम लागत नाही का? हे असे "तुमच्यासाठी हे ठेवले आहे" प्रकरण आम्ही आयुष्यभर पाहिले आहे, पहाटेचे मैदान मुलांना आणि दुपारी दोनचे तापलेले मैदान मुलींना. लिहितानासुद्धा माझा जीव तडफडतो आहे.

पण खरे सांगायचे तर, त्या उरल्यासुरल्या वाट्यातच मुलींच्या हाती दोहोंतले जास्त चोख पदक पडले, असेही मला वाटते. डबासुद्धा मला उरलेल्या वेळातच मिळाला होता.

डंकविषयी माझे मत काहींना आवडणार नाही. थ्री बाय थ्रीच्या मोठ्या स्पर्धांमध्ये हल्ली डंकसाठी जे उतरतात त्यांतले बरेचसे व्यावसायिक डंकर असतात. पोलंडचा राफाल लिपिन्स्की, ज्याला सगळे लिपेक म्हणतात, किंवा युक्रेनचा वादिम पोद्दुबचेन्को ही त्यातली गाजलेली नावे. सामने एकीकडे खेळले जातात आणि ही मंडळी मध्ये येऊन, माणसांवरून उडी मारून, टाळ्या घेऊन जातात. सरांना सर्कस म्हणायचेच असेल तर त्यांनी याला म्हणावे. लिपेकची उडी पाहताना माझा श्वास अडकतो हे मान्य, तो कमालीचा खेळाडू आहे हेही मान्य. पण दिवसभर तीन सामने खेळून पाय जड झालेली मुलगी संध्याकाळी त्याच कोर्टवर त्याच पायांनी शूट-आऊटला उभी राहते, तेव्हा ती त्या स्पर्धेतली खेळाडू असते. दमलेल्या पायांचा बॉल नेहमी आखूड पडतो. माझा पहिला बॉल आखूड पडला तो मात्र सहा मिनिटे खेळून दमल्यामुळे नव्हे, तीन दिवस बेंचवर बसून पाय आखडल्यामुळे.

सरांचे म्हणणे असे की खेळ हा संघाचा असतो. बरोबर आहे. पाच-पाचच्या खेळात मीही मुलींना हेच सांगते. मात्र थ्री बाय थ्रीत चारच जण असतात, तीन कोर्टवर आणि एक बदली. सामन्याच्या वेळी कोचला बेंचवर बसू देत नाहीत, बदली कधी करायची आणि टाइम-आऊट कधी घ्यायचा ते खेळाडूच ठरवतात. दहा मिनिटांत किंवा एकवीस गुणांवर खेळ खलास. बारा सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो. शिवाय या खेळात जागतिक क्रमवारी खेळाडूची वैयक्तिक असते आणि देशाची क्रमवारीसुद्धा त्याच्या खेळाडूंच्या वैयक्तिक गुणांतूनच तयार होते. ज्या खेळाचा पायाच एकेका माणसाच्या नावावर रचला आहे, त्यात एकेकाची परीक्षा घेतली तर संघभावनेला कोणता धक्का बसतो ते मला कळलेले नाही.

(२०२० च्या मार्चमध्ये थ्री बाय थ्रीची ऑलिम्पिक पात्रता स्पर्धा बेंगळुरूला व्हायची होती. मी रजाही टाकली होती. पुढे करोना आला आणि ती स्पर्धा वर्षभराने ऑस्ट्रियातल्या ग्राझला झाली. ती चुटपुट अजून आहे, म्हणून आपले लिहून टाकले.)

ऑलिम्पिकमध्ये मात्र, टोकियोला नाही आणि पॅरिसलाही नाही, वैयक्तिक स्पर्धांना पदक नव्हते. पुरुषांची एक स्पर्धा आणि स्त्रियांची एक, संपले. तिथे दोन्ही वेळा आठ-आठच संघ होते. बाकीच्या देशांत एखादी अशी मुलगी असणार जिच्या संघाला पात्रता फेरीत कोणी विचारत नाही आणि जिचा बॉल मात्र दहापैकी नऊ वेळा जाळीला लागून सुळकन खाली येतो. आपल्या नागपूरची सिया देवधर हांगझोऊच्या एशियाडमध्ये थ्री बाय थ्री खेळली तेव्हा आमच्या मैदानावर केवढा आनंद झाला होता. पण तिथे पोचायला चार जणींचा संघ हवा, महासंघ हवा, पैसा हवा. शूट-आऊटला एक मनगट पुरते.

ही ओळ फार सोपी झाली, मला कळते. एका मनगटालाही तिथवर नेणारा संघच असतो आणि युवा ऑलिम्पिकमध्येही शूट-आऊटला उतरलेल्या मुली आपापल्या संघांबरोबरच आलेल्या होत्या. सर हेच म्हणाले असते.

डब्याचे शेवटचे सांगते. बारावीनंतर एका ठिकाणी क्रीडा कोट्यातून अर्ज भरताना मी प्रमाणपत्रांबरोबर त्या फ्री थ्रोच्या स्पर्धेचा कागदही जोडला होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी तो वर धरून पाहिला आणि विचारले, "हे संघाचे आहे का?" मी म्हटले, नाही, माझे आहे. त्या म्हणाल्या, "याला रकाना नाही," आणि टाचणी काढून तो कागद मला परत दिला. अगदी सौम्यपणे दिला, हेही सांगायला हवे. टाचणीची दोन भोके असलेला तो कागद पुढे कुठे गेला कोण जाणे. डब्याला रकाना लागत नाही, त्यामुळे तो टिकला.

आणि हे लिहिता लिहिता आठवले की त्या गावी बस बंद पडल्यावर माइक हातात घेऊन ती घोषणा करणारे आमचे हेच सर होते. मधला वेळ भरून काढायलाच त्यांनी ती स्पर्धा घेतली होती, म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती खरोखरच मधल्या वेळेतली गंमत होती, आणि नववा बॉल आत गेल्यावर सगळ्यात मोठ्याने ओरडले होते तेही तेच. आता त्यांच्यावर किती रागवायचे?

तरीही रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर शूट-आऊट होणार आहे. मुली आणि मुलगे एकत्र, बॉल एकच, वेळ मोजली जाईल. माझ्या मोबाइलचे घड्याळ मध्येच कोणाचा फोन आला की अडकते, तेव्हा कोणाकडे खरे स्टॉपवॉच असेल तर घेऊन या. सरांना मी उद्या स्वतः सांगणार आहे. बक्षिसाचे डबे आणले आहेत, या वेळी झाकणावरचा शू दीर्घ आहे.