साधारण म्हणजे किती मिलिमीटर?

अक्षय तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळ्या ग्रुपवर भेंडवळ गावचं पावसापाण्याचं भाकीत येतं. त्यात नवीन काही नाही, मी पण वाचतो. यंदा त्याच्या मागून एक लांबलचक मेसेज फिरला, आधी भावकीच्या ग्रुपवर, मग जावयाकडून, मग ज्याचा ट्रॅक्टर भाड्यानं सांगतो त्याच्याकडूनही आला. सार असं की विज्ञान आणि धर्म एकाच प्रश्नांची उत्तरं देतात, फक्त वाटा वेगळ्या. ऋषींनी जे आधीच सांगून ठेवलं ते विज्ञानाला आता कुठं कळायला लागलं. मोठमोठे शास्त्रज्ञ देव मानायचे. आणि जिथं विज्ञान संपतं तिथं अध्यात्म सुरू होतं. खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा. मी नाही पाठवला तर मोठे बाबा, म्हणजे आमचे थोरले काका, दुकानात येऊन म्हणे, "काहून रे, तुले पटलं नाई काय?"

मोठे बाबा, थोडं पटलं, बरंचसं नाही. तिथं गिऱ्हाईक होतं म्हणून बोललो नाही, आता लिहितो.

पहिली गोष्ट पटली. धर्म आणि विज्ञान एकाच प्रश्नाचं उत्तर देतात हे कैकदा खरंच आहे. शिकलेली माणसं याच्या उलटं बोलतात, की दोघांची शेतं वेगळी, मधी धुरा म्हणजे बांध, भांडायचं कारण नाही. स्टीफन जे गुल्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९९७ मध्ये हेच मांडलं होतं. ऐकायला गोड आहे पण आमच्या गावात तो धुरा कुणी पाळत नाही. जुलैत पाऊस किती, साप चावला तर काय करायचं, लोणारचा खड्डा कसा झाला, या सगळ्याची उत्तरं धर्माच्या नावानं दिलीच जातात. देऊ द्या. पण मग एकच पेपर दोघांनी सोडवला तर तपासणी पण एकाच शाईनं झाली पाहिजे, आणि मेसेज नेमका तिथंच पळतो. बरोबर आलं की "बघा, विज्ञानाच्या आधी सांगितलं", चुकलं की "तो श्रद्धेचा विषय आहे". दोन डगरींवर पाय.

आता भेंडवळ. जळगाव जामोद तालुक्यातलं गाव, वाघ घराण्याची परंपरा, साडेतीनशे वर्षांची सांगतात. संध्याकाळी शेतात घट मांडतात, गोलात अठरा प्रकारची धान्यं, मधी खड्डा, त्यात चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, वर पाण्याची घागर, त्यावर पापड, कुरडई, भजं, वडा, आणि पानविडा म्हणजे राजा. रात्री तिथं कुणी जात नाही, पहाटे कुठलं धान्य हललं, कुठलं ढेकूळ किती भिजलं ते पाहून भाकीत सांगतात. मी जाऊन आलोय, गर्दी पाहून अंगावर काटा येतो, आणि एवढे शेतकरी पेरणीच्या आधी एका जागी जमून पावसाचं बोलतात हेच मला मोठं वाटतं.

पण मेसेजमध्ये लिहिलंय की हवामान खातं चुकतं, भेंडवळ चुकत नाही. चुकेल कसं? जून कमी, जुलै साधारण, कुठं कमी कुठं जास्त. बाप्पा, महाराष्ट्रात असा कोणता जुलै झाला की जिथं कुठं कमी कुठं जास्त नव्हतं? खात्याचं तसं नाही. ते "सरासरीइतका" म्हणतात तेव्हा हंगामाच्या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के एवढाच त्याचा अर्थ, त्याच्या बाहेर गेला की ते उघडे पडतात. आणि पडलेत. २००२ मध्ये देशासाठी १०१ टक्के सांगितला, पडला ८१. दुष्काळ. लोकांनी धुतलं त्यांना, धुतलंच पाहिजे होतं. पण पुढच्याच वर्षी त्यांनी जुनं सोळा घटकांचं मॉडेल बाजूला ठेवून नवीन आणलं. भेंडवळच्या घटात एखादं वर्ष चुकलं म्हणून अठराचं एकोणीस धान्य झालं, असं कधी ऐकलं का तुम्ही? मला चुकणाऱ्याचा राग नाही, ज्याला चुकताच येत नाही त्याच्या भरवशावर मी बियाण्याची बॅग फोडत नाही.

फोडली होती एकदा, खोटं कशाला बोलू. पंचांगात मृगाचं वाहन बेडूक होतं, बेडूक म्हणजे जोरदार, आणि पहिला सडाका आला तसं सोयाबीन टाकून मोकळा झालो. नंतर बावीस दिवस ऊन. दुबार पेरणी म्हणजे काय ते ज्याच्या घरी झाली त्यालाच विचारा. मग त्या वाहनाच्या मागं लागलो की हे काढतात कसं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी जी उरेल ते वाहन. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. झालं. वारा नाही, समुद्र नाही, ढग नाही, नुसता भागाकार. आणि तोच बेडूक रत्नागिरीलाही अन् आमच्या बुलडाण्यालाही! वरून सूर्य मृगात जायची तारीखच साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढं सरकत जाते, म्हणजे हजार वर्षांत चौदा दिवस, मान्सूनला ते कुणी कळवलेलं नाही. पावशा ओरडला, मुंग्यांनी अंडी हलवली, हे आजोबा पाहायचे ते मी वेगळं धरतो, ते निदान वावरात पाहणं तरी होतं. आता मी कृषी विद्यापीठवाल्यांचं ऐकतो, ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय तिफन बाहेर काढत नाही.

लोणारचा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात कच्चा. म्हणे उल्का पडल्याचं पुराणात आधीच आहे. कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो, लवणासुर जमिनीखाली राहायचा, दैत्यसूदनानं म्हणजे विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, खारं पाणी त्याच्यामुळं. कथा झकास आहे, दैत्यसूदनाचं देऊळ तर पाहतच राहावं. पण तिच्यात वरून काही पडतच नाही हो! उल्का आपण मागून घुसवतो. आणि विज्ञानाला तरी एका दिवसात कळलं काय, तेही कितीतरी वर्षं ज्वालामुखीच म्हणत होते. १९७३ च्या सुमारास तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं, फार मोठ्या धक्क्यानंच तयार होणारी काच, तेव्हा आघात पक्का झाला. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगायचे, नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं तर पावणेसहा लाखांच्या जवळ गेलं. म्हणजे दहापट चूक, आणि कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्याकडं अर्ध्या लोकांनी हात जोडले अन् अर्ध्यांनी सेल्फी काढले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं तर खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले.

शास्त्रज्ञ देव मानायचे, हो मानायचे, पुढं? रामानुजन म्हणायचे की सूत्रं नामगिरी देवी देते. इंग्लंडातल्या गणितज्ञ हार्डीनं देवीशी वाद घातला नाही, फक्त सिद्धता मागितली, आणि मूळ संख्यांबद्दलचे काही दावे चुकीचे निघाले. बाकीचं आजही सगळं जग वापरतं. सूत्र कुठून आलं ते देवीला माहीत, टिकलं ते सिद्धतेवर.

सापाचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मेसेजात आहे की मंत्रानं शेकडो वाचले. वाचले असतील, कारण आपल्याकडं चावणारे निम्म्याहून जास्त साप धामण, दिवड, कवड्या असलेच, बिनविषारी, त्यांना मंत्र नाही म्हटला तरी माणूस उठून चहा पिईल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारांवर घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविषाचं इंजेक्शन लागतं, दुसरं काही चालत नाही. माझा चुलतभाऊ मण्यारीनं गेला. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही, म्हणून त्याला देवळासमोर लिंबाच्या पाल्यावर बसवून ठेवला, पहाटे पापण्या जड झाल्या तेव्हा गाडी शोधायला लागले. जे वाचले ते सांगायला येतात, तो कुठून येणार. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट आहे, साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र करत बसणं हा गुन्हा आहे.

राहिलं शेवटचं, विज्ञान संपतं तिथं अध्यात्म सुरू होतं. मोठे बाबा, यातलं अर्धं मी मानतो. शेजारचा कर्ता माणूस गेला त्या वर्षी का गेला याची उत्तरं सगळ्यांकडं होती, बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, कापसाचा भाव. सगळी बरोबर. त्याच्या बायकोचा प्रश्न तो नव्हताच. ती म्हणे, "माह्याच घरी काहून?" याला विज्ञानाकडं उत्तर नाही हे खरं, पण त्या दिवशी धर्माच्या नावानं जे उत्तर दिलं गेलं ते होतं मागच्या जन्माचं पाप. चाळिशीही न गाठलेल्या बाईला. ते ऐकून ती उठून आत गेली. उपयोगी पडले ते भजनी मंडळाचे चार म्हातारे, तेरा दिवस रोज संध्याकाळी येऊन बसायचे, का-बिका काही सांगायचे नाहीत, आणि पुढच्या हंगामात तिच्या वावरात डवरा त्यांनीच मारून दिला. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, आणि सांगायचे काय तर कर्ज काढून सण करू नका, नवसाला बकरं कापू नका, पोरं शाळेत घाला. त्यांनी कधी जुलैचा पाऊस सांगितला असं मी तरी ऐकलं नाही.

तर दुकानाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय. वर यंदाचं भेंडवळ, त्याखाली हवामान खात्याचा अंदाज, त्याखाली आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे, महिन्यामहिन्याला भरणार. खात्याचा रकाना भरता येतो. भेंडवळच्या जुलैसमोर "साधारण" लिहिलंय, तिथं माझा पेन अडलाय. मेसेज ज्यांनी पाठवला त्यांनी दुकानात या, चहा माझ्याकडून, फक्त साधारण म्हणजे किती मिलिमीटर ते पाऊस पडायच्या आधी सांगून जा.