मिरजेच्या मुलाचं कपाळ

ब्राउझर सरळ बंद पडला तर बरं असतं, माणूस निवांत चिडू तरी शकतो. आमचा बंद पडत नव्हता. व्यवस्थित चालायचा, पण पान खाली सरकवलं की मधेच काळे चौकोन, अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली, आणि तिथं माऊस नेला की सगळं परत जागच्या जागी. कुणाला बोलावून दाखवायला जावं तर त्याच्यापुढं एकदम गरीब गाय. (ब्राउझर कुठला ते विचारू नका, सगळे एकाच माळेचे मणी आहेत.)

आणि हे कधी, तर भाचीसाठी स्थळं बघायची ऐन घाई चाललेली. सांगलीत विश्रामबागेत आमच्या हॉलमध्ये आत्या, ताई, दाजी सगळे लॅपटॉपभोवती बसलेले, मी एकेक प्रोफाइल उघडतोय, आणि मिरजेच्या एका इंजिनिअर मुलाचं भुवयांच्या वरचं सगळं काळं. आत्या लगेच, "टक्कल असणार. उगंच कोण झाकतंय?" मी म्हटलं अगं स्क्रीनचा प्रॉब्लेम आहे, तर म्हणते, "मग बाकीच्यांची कपाळं कशी दिसली रे?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण खरंच दिसली होती. दाजी म्हणाले कॅशे, म्हणजे ब्राउझरनं साठवून ठेवलेला जुना माल, क्लिअर कर. दाजी लाइट गेली तरी कॅशे क्लिअर कर म्हणतील असे आहेत. केलं क्लिअर. त्यात कुकीज पण उडाल्या, सगळीकडनं लॉगआऊट झालो, पासवर्ड कुठल्या वहीत लिहिलाय ते शोधण्यात भडंगाचं पातेलं रिकामं झालं, आणि पासवर्ड सापडून बघतो तर मुलगा अजून बिनकपाळाचाच.

कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन लावला तर त्यानं माझं वाक्य पण पूर्ण होऊ दिलं नाही. "फॉरमॅट मारावा लागतोय काका." ह्या पोरांना काहीही सांगा, फॉरमॅटच मारायचा असतो.

शेवटी पुण्याला भाचीलाच फोन केला, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. मुलगा कसा आहे हे तिनं एका शब्दानं विचारलं नाही. म्हणाली, "मामा, स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढू नकोस, स्क्रीनशॉट घे." मला आधी कळेना ह्यात फरक काय. फरक असा, की स्क्रीनशॉट मशीनच्या आतच निघतो. काळं फक्त डोळ्याला दिसतंय आणि स्क्रीनशॉट स्वच्छ, तर संशय पडद्यावर नाहीतर वायरवर. आमच्या स्क्रीनशॉटमध्ये पण कपाळ काळंच आलं, म्हणजे पडदा निर्दोष सुटला. मग दुसरा ब्राउझर उघडायला लावला. तिथं पण तसंच. "म्हणजे ब्राउझरचा पण एकट्याचा दोष दिसत नाही," भाची म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खुश होता की ताई कपाळाला हात लावून बसली, म्हणाली हिला कुठलं स्थळ दाखवायचं आता.

मग सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करायला सांगितलं, ब्राउझर परत चालू केला, आणि काय सांगू, कपाळ आलं! वर भरघोस केस.

भानगड अशी की पूर्वी पान रंगवायचं काम बहुतेक सगळं प्रोसेसरच करायचा. 2011 च्या मार्चमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 9 आणि फायरफॉक्स 4 आठवड्याच्या अंतरानं आले आणि दोघांनी ते काम ग्राफिक्स चिपकडं लावलं, ह्यालाच हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणायचं, आता सगळेच लावतात. पानाचे चौकोनी तुकडे पाडायचे, रंगवायचे, जोडून दाखवायचे. ह्यात चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जुनाट असला की एखादा तुकडा कोराच राहतो, आणि माऊस नेला की तेवढा भाग परत रंगवला जातो म्हणून सगळं साळसूद दिसायला लागतं. ब्राउझर बनवणाऱ्यांकडं बदनाम ड्रायव्हरांची यादी पण असते, त्यात नाव निघालं की ब्राउझर स्वतःहून चिपकडनं काम काढून घेतो. इतकी चौकशी तर आम्ही स्थळाची पण करत नाही. आमचा ड्रायव्हर त्या यादीत नव्हता. जीपीयूची, म्हणजे त्या ग्राफिक्स चिपची, माहिती देणारं ब्राउझरच्या आतलं पान उघडलं होतं, तिथं ओळीनं सगळं हिरवंगार, म्हणजे कागदोपत्री मुलगा निर्व्यसनी.

पण ॲक्सिलरेशन बंद म्हणजे सगळा भार परत प्रोसेसरवर. मे महिन्यातली सांगली, त्यात लॅपटॉपचा फॅन असा गरगरायला लागला की दाजींनी पाय लांब घेतले, आणि व्हिडिओ अडखळायला लागले. मग ड्रायव्हर बदलायचा ठरला. विंडोजमधल्या डिव्हाइस मॅनेजरला विचारलं तर म्हणतो सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच बसवलाय, आणि त्याच्यावरची तारीख बघितली तर कोरोनाच्याही आधीची! लॅपटॉप उलटा करून पुसट स्टिकरवरचा मॉडेल नंबर ताईनं टॉर्च मारून वाचला, कंपनीच्या साइटवरनं नवा ड्रायव्हर उतरवला, बसवताना मधेच पडदा काळा झाला तशी आत्या "गेला बघ" म्हणून देवघराकडं वळली, तोवर परत आला. ॲक्सिलरेशन चालू केलं, फॅन गप्प, चौकोन गायब.

जाता जाता भाचीनं एक किल्ली दिली. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी रीस्टार्ट होतो, बीप वाजतो, पडदा क्षणभर काळा पडून परत येतो, उघडलेलं काही बंद होत नाही. लई उपयोगाची आहे. दाजी पेपर वाचत बसले की मी मधनंच दाबतो, ते चष्म्यावरनं बघतात आणि म्हणतात, "कॅशे केलीस का क्लिअर?"