पाऊस असेल तर ग्लासगोला जा

मी मँचेस्टरला राहते, त्यामुळे इकडे फिरायला येणारे नातेवाईक आणि ओळखीचे लोक आपला कार्यक्रम आधी मला दाखवतात. लंडन, मग एडिंबर्गचा किल्ला, तिथून बसने हायलँड्सच्या डोंगराळ भागाची एक दिवसाची सहल आणि परत. ग्लासगोचं नाव आलंच तर गाडी बदलायचं स्टेशन म्हणून येतं. त्यातून हवामानाच्या अंदाजात पाऊस दिसला की फोन येतो, "अगं, आता स्कॉटलंड रद्दच करावं का?"

रद्द करू नका. हाताशी दोनच दिवस असतील आणि पाऊस असेल, तर ग्लासगोला उतरा आणि तिथेच राहा. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

एडिंबर्ग सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते उंचावरून बघायचं शहर आहे. किल्ल्याच्या तटावरून, कॅल्टन हिलवरून, आर्थर्स सीटवरून. ढग खाली उतरले की यातलं निम्मं सौंदर्य दिसेनासं होतं आणि किल्ल्याचं तिकीट तर काढलेलं असतं. ग्लासगोत एडिंबर्गपेक्षा पाऊस बराच जास्त पडतो. वर्षाला साधारण अकराशे-बाराशे मिलिमीटर. मुंबईत याच्या जवळपास दुप्पट पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला बारा महिने थोडा थोडा येत राहतो. वाऱ्यात छत्री उलटी होते, तेव्हा टोपीचा रेनकोटच घ्या. रबराचा थर दिलेल्या जलरोधक कापडाचं पेटंट १८२३ साली घेणारा चार्ल्स मॅकिंटॉश ग्लासगोचाच.

पण या शहराची खरी श्रीमंती छपराखाली आहे, आणि त्यातली बरीचशी विनातिकीट बघता येते. केल्व्हिनग्रोव्ह, रिव्हरसाइड, बरेल, मॉडर्न आर्ट गॅलरी, विद्यापीठाचं हंटेरियन, यातल्या कुठल्याही संग्रहालयात प्रवेशाला पैसे नाहीत. यातली पहिली चार तर थेट नगरपालिकेची. पाच जणांचं कुटुंब घेऊन फिरताना याचं मोल कळतं. म्हातारं माणूस दमलं तर अर्ध्या तासात बाहेर पडता येतं आणि चहा पिऊन परत आत जाता येतं. तिकीट काढलंय म्हणून सगळं बघितलंच पाहिजे, ही सक्ती नाही.

फिरायला सबवे आहे. १८९६ साली सुरू झालेली ही भुयारी रेल्वे शहराखालून नुसती गोल फिरते. पंधरा स्टेशनं, आणि पूर्ण फेरीला सुमारे चोवीस मिनिटं. एक गाडी घड्याळाच्या दिशेने, एक उलट. चुकीच्या गाडीत बसलात तरी उशिरा का होईना, हव्या त्या स्टेशनावर पोचताच. डबे इतके बुटके की उंच माणसाला दारात वाकावं लागतं.

केल्व्हिनग्रोव्हला मी माझ्या आईला घेऊन गेले होते. लाल वालुकाश्माची ही इमारत १९०१ सालची. आईला संग्रहालयांचा कंटाळा येतो, ती फक्त पावसापासून आडोसा म्हणून आली होती. मधल्या मोठ्या दालनात वर ऑर्गन आहे आणि त्याचं वादन ऐकायला पैसे पडत नाहीत. बहुतेक दिवशी दुपारी एकला असतं, रविवारी तीनला. जाण्याआधी वेळ तपासून घ्या. आम्ही खालच्या बाकावर बसलो होतो. पहिला खर्ज लागला तेव्हा लाकडी बाक बारीकसा थरथरला. आईने हात बाकावर सपाट ठेवला आणि वादन संपेपर्यंत उचलला नाही. ती गाण्याच्या घरातली आहे. त्यानंतरचे दोन तास तीच मला ओढत फिरत होती. पश्चिमेच्या दालनात छताला खरंखुरं स्पिटफायर लढाऊ विमान टांगलंय आणि त्याच्याखाली सर रॉजर नावाचा पेंढा भरलेला आशियाई हत्ती उभा आहे. तो फिरत्या प्राणिसंग्रहातला. माजावर येऊन धोकादायक झाला म्हणून १९०० साली त्याला गोळी घातली. त्याच्या पायाशी लहान मुलं खेळत असतात. मला मात्र तिथे हसू येत नाही. कुठल्या तरी जंगलातला जीव कुठे येऊन उभा राहिला, असं वाटत राहतं.

याच इमारतीत १९ ऑगस्ट २०२२ ला एक करार झाला, तो प्रत्येक भारतीयाला ठाऊक असायला हवा. ग्लासगोने आपल्या संग्रहातल्या सात वस्तूंची मालकी भारताला परत दिली. भारताच्या बाबतीत असं पाऊल उचलणारी ब्रिटनमधली ही पहिली संग्रहालय-संस्था. सातपैकी सहा वस्तू एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातल्या मंदिरांतून आणि देवस्थानांतून उचललेल्या, आणि सातवी निजामाच्या संग्रहातून चोरून विकलेली तलवार. लंडनच्या मोठ्या संग्रहालयांत जाऊन आपण आंध्रातल्या अमरावतीच्या शिल्पांसमोर हळहळतो, ते योग्यच आहे. पण ज्या शहराने स्वतःहून हात पुढे केला त्याला आपण स्टेशन म्हणून ओलांडावं, हे मला पटत नाही.

तिथून केल्व्हिन नदी ओलांडून टेकडी चढली की विद्यापीठ. मुंबईत शिकलेल्यांनी इथे जावंच. ग्लासगो विद्यापीठाची मुख्य इमारत सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटची. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरही त्याच्याच आराखड्यावरून उभे राहिले. दोन्ही एकाच दशकाच्या आसपासचे. दोन चौकांच्या मधल्या कमानींच्या मंडपात पावसाचा थेंब येत नाही. टोकदार कमानी, जाड दगडी खांब, ओल्या फरशीवर घुमणारे पायांचे आवाज. ओव्हल मैदानाकडे तोंड करून ज्यांनी परीक्षेच्या निकालाची वाट पाहिलीय, त्यांना ही ओळख कुणी पटवून द्यावी लागत नाही. आत हंटेरियनमध्ये न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची लहान प्रतिकृती आहे. ती दुरुस्त करता करताच जेम्स वॉटला इंजिन सुधारायची कल्पना सुचली. काचेच्या पेटीत आहे, सहज नजरेतून सुटते.

बरेल संग्रह शहराच्या दक्षिणेला, पोलॉक पार्कमध्ये. बरेल हे जहाजांच्या धंद्यातले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने १९४४ साली आयुष्यभराचा संग्रह शहराला दिला, पण तो कोळशाच्या धुरापासून लांब ठेवावा अशी अट घातली. त्यामुळे जागा मिळायलाच कित्येक वर्षं गेली. इमारत १९८३ मध्ये उघडली आणि पुढे छत गळायला लागलं. ते दुरुस्त होऊन २०२२ मध्ये ती पुन्हा खुली झाली. काचेच्या भिंतीपलीकडे रान आहे, आणि सतराव्या शतकातला इराणी बाग-गालिचा बघताना बाहेर पाऊस असलेलाच बरा. पार्कात हायलँडच्या केसाळ गायीही चरतात. त्यांच्या फोटोसाठी बसमध्ये दहा तास काढायची गरज नाही.

आता वेलिंग्टनच्या पुतळ्याबद्दल. मॉडर्न आर्ट गॅलरीसमोर घोड्यावर बसलेला ड्यूक आहे, आणि त्याच्या डोक्यावर वर्षानुवर्षं रस्त्यावरचा नारिंगी शंकू असतो. लोक रात्री चढून घालतात, काढला की पुन्हा घालतात. सगळे पर्यटक शंकूसह फोटो काढतात आणि जातात. चौथऱ्यावरची ब्राँझची उठावशिल्पं मात्र कुणी बघत नाही. त्यातलं एक वॉटर्लूचं, आणि दुसरं असईचं. आपल्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदनजवळचं असई. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी तिथे झालेल्या लढाईत वेलस्ली जिंकला. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्याकडे दोन हायलँडर पलटणी होत्या. त्यातल्या चौऱ्याहत्तराव्या पलटणीची असईच्या तोफांपुढे भयंकर हानी झाली, आणि पुढे ती ज्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली ती ग्लासगोची म्हणून ओळखली गेली. तिच्या बिल्ल्यावर हत्ती होता आणि असईचं नाव.

मी पावसात त्या उठावशिल्पासमोर उभी होते. ओलं ब्राँझ काळंभोर झालं होतं आणि माणसं, घोडे एकमेकांत मिसळून गेले होते. आपल्या बाजूचे किती जण त्या दिवशी पडले, त्यांची नावं कुठल्याही चौथऱ्यावर नाहीत. ना ग्लासगोत, ना आपल्याकडे. मराठी माणसाने इथे पाच मिनिटं थांबायलाच हवं. शंकूचा फोटो जरूर काढा, पण नंतर खाली वाका.

मागची गॅलरीची इमारत मुळात तंबाखूच्या एका व्यापाऱ्याचा वाडा. अमेरिकेतल्या गुलामांच्या श्रमातून आलेल्या पैशाचा. नगरपालिकेने २०२२ मध्ये त्या इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली. पुतळ्यांचं आणि वाड्यांचं शहर असून हे बोलून दाखवायला धैर्य लागतं.

राहिलं ते थोडक्यात. कॅथेड्रलचं तळघर चुकवू नका, शहराचा संत सेंट मुंगो याची समाधी तिथे आहे. बोटॅनिक गार्डनमधलं किबल पॅलेस हे काचघर पाऊस ऐकायला उत्तम, आणि आत ऊब असते. रिव्हरसाइडला ग्लासगोत बनून दक्षिण आफ्रिकेत धावलेलं प्रचंड रेल्वे इंजिन आहे. मुलं बरोबर असतील तर आधी तिथेच न्या. पहिला दिवस केल्व्हिनग्रोव्ह आणि विद्यापीठासाठी ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी बरेल आणि दुपारी मध्यवस्ती. आणि एडिंबर्ग? ग्लासगोहून रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं. ढग विरलेले दिसले की त्याच सकाळी जा.